मुंग्यांची साक्ष

फाल्गुनातल्या त्या रविवारी सूर्य वर येण्याआधीच बोरी नदीच्या काठी माणसांची दाटी झाली होती. जळकोटहून नदीकडे उतरणारी गाडीवाट जीपा, टेम्पो आणि मोटारसायकलींनी भरून गेली होती. उमरग्याकडचे लोक होते, अक्कलकोटकडचे होते, सीमेपलीकडून आलेली कन्नड बोलणारी कुटुंबे होती. म्हाताऱ्यांना त्यांच्या मुलांनी हात धरून खाली उतरवले होते. प्रत्येक रुग्णाच्या हातात पळसाच्या वाळल्या पानांचा एक द्रोण होता आणि त्या द्रोणात त्याचे स्वतःचे सकाळचे मूत्र होते. हे लिहिताना माझी लेखणी अडखळते. तिथे मात्र कोणालाही संकोच वाटत नव्हता. नैवेद्याचे ताट न्यावे तशा जपणुकीने लोक ते द्रोण नेत होते.

काठावरच्या सपाट खडकावर द्रोण ओळीने मांडले गेले. खडकाच्या फटीत मुंग्यांचे मोठे बीळ होते. सगळे स्तब्ध उभे राहिले. काही वेळाने फटीतून एक मुंगी बाहेर आली, मग चार, मग धार लागावी तशी रांग. द्रोणांच्या कडा काळ्या होऊ लागल्या. बायकांनी हात जोडले.

उंच दगडावर रानबाबा बसले होते. अंगावर हिरवे उपरणे, गळ्यात कसल्याशा बियांची माळ, आणि कानामागून तोंडापर्यंत आलेला इवलासा माईक.

"बघितलंत?" ते म्हणाले. "ही मुंगी शाळा शिकली नाही. हिला डिग्री नाही, लॅबवाल्याचं कमिशन नाही. म्हणून हिचा रिपोर्ट खरा. तुमच्या देहातलं पॅन्क्रियाज झोपलंय. डॉक्टर त्याला सुई टोचतो. झोपलेल्या लेकराला सुई टोचून कोणी उठवतं का? नदीकाठानं चाला. नदीची लहर तळपायातून वर चढते, झाडाचं क्लोरोफिल नाकातून खाली उतरतं, दोघांची गाठ पोटात पडते आणि साखर घामावाटे मातीला परत जाते. अरण्यात पुन्हा द्रोण ठेवू. तिथं एक जरी मुंगी आली, तरी मी ही माळ उतरवून घरी जाईन."

"खरं हाय," माझ्या शेजारी उभे असलेले बलभीम म्हणाले. हे जनावरांच्या बाजारातले दलाल. डाव्या पायाच्या अंगठ्याला महिनोन् महिने न भरणारी जखम आणि तिच्यावर फडके. "लॅबवाला म्हणतो, उपाशीपोटी या. मुंगी म्हणती, चहा पिऊन आलास तरी चालंल."

लोक हसले. हसू ओसरल्यावर सुईत्यागाचा विधी झाला. ज्यांच्याजवळ इन्सुलिनच्या बाटल्या, सुया, गोळ्यांची पाकिटे होती, त्यांनी ती एकेक करून नदीत सोडली. फाल्गुनातली बोरी ती केवढी. दगडांमधून वाट काढणारे घोट्याएवढे पाणी. बाटल्या वाहून गेल्या नाहीत. त्या तिथेच शेवाळात अडकून चकाकत राहिल्या. मी जन्मभर ज्या नदीला सकाळी हात जोडून अर्घ्य दिले, तिच्या ओंजळीत हे काय टाकले जात आहे, ते मी पाहत होतो. त्यातली एक बाटली मोनिकाच्या हातातून सुटली.

मी तिथे का होतो, ते सांगायला हवे.

मी वीरभद्र, जळकोटच्या शाळेत हयातभर संस्कृत शिकवले. महिन्यापूर्वी महादेवाच्या देवळात रानबाबांची पहिली सभा झाली. मला पुढे बसवले होते. भर सभेत त्यांनी माझ्यासमोर माईक धरला आणि विचारले, "गुरुजी, मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे आपल्या ऋषींनी लिहून ठेवलंय की नाही?" लिहिलेले आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांचे ते निरीक्षण आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. ज्या काळी काचेची नळीसुद्धा नव्हती, त्या काळी कोणी एक वैद्य रुग्णाच्या अंगणात उकिडवा बसून मुंग्यांची वाट न्याहाळत होता. मी म्हणालो, "होय, ग्रंथात आहे. परंतु त्या वैद्याने मुंगीवरून रोग ओळखला. मुंगी आली नाही म्हणून औषध बंद करा, असे त्याने कोठेही सांगितलेले नाही." पहिले वाक्य संपताच टाळ्या पडल्या आणि दुसऱ्या वाक्याच्या वेळी माईक माझ्यासमोर नव्हता. पुढे जी चित्रफीत गावोगावच्या मोबाइलवर फिरली, तिच्यात मी "होय, ग्रंथात आहे" एवढेच म्हणतो आणि टाळ्या वाजतात. मी भेटेल त्याला उरलेले वाक्य सांगत राहिलो. लोक आदराने ऐकून घेत आणि म्हणत, "व्हय गुरुजी, व्हिडिओ बघितला तुमचा."

नदीकाठच्या या फेरीच्या आदल्या संध्याकाळी बानूबाई आमच्या दारी आल्या. बानूबाई आणि त्यांचे यजमान रामहरी यांची मेंढरे आहेत, थोडी कोरडवाहू जमीन आहे. मोनिका ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझी विद्यार्थिनी. आता नळदुर्गला कॉलेजात शिकते. बाराव्या वर्षापासून तिचे शरीर इन्सुलिन करीत नाही. रोज सुई, जेवणाआधी सुई. घरात फ्रीज नाही, म्हणून ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात बाटली ठेवून तिने ती सांभाळली.

"गुरुजी, उद्या फेरीला चाललोय आमी," बानूबाई म्हणाल्या. "धाराशिवचं स्थळ आलंय. पोरगं नोकरीला हाय, माणसं चांगली हायत. पर कुणीतरी त्यास्नी सांगितलं, पोरीला सुई लागती म्हून. मुलाचे मामा उद्या सोता येनार हायत. दुसऱ्या द्रोनाला मुंगी लागली न्हाय, की सुपारी फोडायची म्हनले."

"आणि इन्सुलिन?"

"ते परवाच सोडायला सांगितलं बाबानी. अंगात सुईचं इख ऱ्हातं म्हनले, ते निघून जाया पायजे."

"बानूबाई, तिला ते सोडता यायचे नाही. अन्नासारखेच आहे ते तिला. कोणी सांगितले तुम्हाला हे खरे आहे म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "तुमीच की. व्हिडिओत."

त्या रात्री मी रामहरींना समजावले, हात जोडले. ते जेवणाच्या ताटावरून उठले नाहीत, रागावले नाहीत. "तुमी शिकलेली मानसं एका दिशी एक बोलता, दुसऱ्या दिशी दुसरं," एवढेच म्हणाले. तेव्हा मी गावातल्या डॉक्टर उमादेवींकडे गेलो. मोनिकाच्या सुया त्यांनीच सुरू केलेल्या. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "मी सकाळी येते. औषधाची पिशवी शालीखाली घेते. पण गुरुजी, तिचे आईवडील नको म्हणाले आणि तीही नको म्हणाली, तर मी काय करणार? ती सज्ञान आहे."

म्हणून आम्ही दोघे त्या गर्दीत होतो.

फेरी निघाली. पुढे रानबाबा, मागे शिष्य, मग रुग्ण आणि नातेवाईक. काठाने करंज आणि बाभळी होत्या. पुढे वळणावर जमीन चढत गेली आणि रान सुरू झाले. पळस ऐन फुलात होते, पायांखाली केशरी पाकळ्यांचा सडा. कोतवाल पक्षी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर आमच्याबरोबर येत होता. एरवी अशा वाटेने मी एकटा चालत आलो आहे आणि प्रत्येक वेळी माझे मन निवाले आहे. चालणे वाईट नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. मधुमेह्याने चालावेच. औषध नदीत टाकून मात्र चालू नये.

मोनिका दर थोड्या वेळाने थांबत होती आणि पाणी पीत होती. बाटली संपली, तिने आईची घेतली. तीही संपल्यावर ती नदीत उतरून ओंजळीने पिऊ लागली.

"बघा, साखर बाहीर पडाय लागली," बलभीम लंगडत म्हणाले. "माझं बी तसंच व्हतंय. सारखं झाडामागं जावं लागतंय."

"नुसती साखर नाही हो, अंगातलं पाणी बाहेर पडतंय," डॉक्टर म्हणाल्या. "मोनिका, इकडं बघ. पोटात दुखतंय का?"

"थोडं."

"उलटी?"

"सकाळी झाली. दोनदा." पुढे चाललेल्या वडिलांकडे पाहत ती हळू बोलली. "मॅडम, आबांना सांगू नका."

"मी सुई आणलीय. इथं झाडामागं चल. कोणाला कळणार नाही."

मोनिकाने मागे पाहिले. चालणाऱ्यांच्या ओळीत स्वच्छ पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ मोबाइल वर धरून चित्रण करीत येत होते. ते मुलाचे मामा. "आता न्हाय," ती म्हणाली. "एवढा एक द्रोण होऊ द्या. संध्याकाळी घेते."

"संध्याकाळपर्यंत थांबायला तुझं शरीर तयार नाही."

"आठ वर्सं टोचतेय मॅडम मी. एक दिवस त्यानं थांबावं की माझ्यासाठी."

रामहरी पुढून परत आले आणि मुलीच्या व डॉक्टरांच्या मध्ये उभे राहिले. "बाई, तुमचे उपकार हायत आमच्यावर," ते म्हणाले, "पर आज पोरीला हात लावू नका. काठावर येऊन बुडायचं न्हाय आमाला." ते मुलीचा हात धरून चालू लागले. तो हात त्यांनी फार मायेने धरला होता. मी त्यांच्या मागून चालू लागलो.

रानाच्या मध्यावर मोकळी जागा होती आणि तिथे काळ्या दगडाची एक मोठी शिळा. शिळेच्या खालच्या अंगाला मुंग्यांची वर्दळ होती. रानबाबांनी ती सर्वांना आधी दाखवली. "मुंगी आहे ना इथं? मग बघा."

एका शिष्याने रेशमी फडके सोडले. आतून त्याने पांढरी, लांबट वडी काढली. आमच्या भागात विभूती अशाच वडीच्या रूपात मिळते. गोवऱ्यांची राख गाळून, वाळवून तिच्या वड्या करतात. आम्ही ती पाण्यात उगाळून कपाळी लावतो. आमच्या घरी जन्मलेल्या मुलाला पहिला स्पर्श आईचा आणि दुसरा विभूतीचा होतो. म्हणून ती वडी दिसताच निम्म्या गर्दीचे हात आपोआप जोडले गेले. माझेही.

शिष्याने शिळेवर वडी घासत मोठे वर्तुळ काढले. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, जाड. वर्तुळाच्या आत रुग्णांचे ताजे द्रोण मांडले.

"ही भस्मरेषा," रानबाबा म्हणाले. "हिच्या आत सत्य राहतं. साखर असेल तर मुंगी रेषा ओलांडेल. नसेल तर तिचं आत काय काम?"

हात जोडल्यावर कपाळी लावण्यासाठी मी शिष्याकडे तळवा पुढे केला. विभूती दिसली की ती मागायची, हा आमचा रिवाज. आणि मागितलेली विभूती कोणी नाकारीत नाही, हाही रिवाजच. शिष्याने वडी मागे घेतली.

"ही कपाळाची न्हाय. रेषेची हाय."

"विभूतीत असा भेद नसतो, बाळ."

"न्हाय म्हनलं ना अज्जा." असे म्हणून त्याने पाण्याच्या बाटलीने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनही धुतले.

मी तिथेच उभा राहिलो. सत्तर वर्षे मी विभूती लावतो आहे. ती लावल्यावर हात धुणारा मनुष्य मी पाहिला नव्हता.

इकडे मुंग्या शिळेवर चढल्या. रेषेजवळ आल्या, थबकल्या, वळल्या. पुन्हा आल्या, पुन्हा वळल्या. एकही आत गेली नाही. रानभर घोष उठला. कोणी रडत होते, कोणी एकमेकांना मिठी मारत होते. बलभीम आपल्या दुखऱ्या पायावरच नाचले. बानूबाई मुलीच्या द्रोणाकडे बोट दाखवून मामांना म्हणाल्या, "बघा भाऊ, बघा. हाय का एक तरी?" मामांनी मोबाइल द्रोणाजवळ नेला, चांगले निरखले आणि म्हणाले, "नाही. स्वच्छ आहे पोरगी." त्या 'स्वच्छ' शब्दाने मोनिकाच्या चेहऱ्यावर जे आले, ते मला विसरता येत नाही. ती एका बुंध्याला टेकून बसली होती, ओठ कोरडे पडले होते, श्वास खोल आणि भराभर चालला होता. आणि ती हसत होती.

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन हात धुण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शिळेवर वाकून रेषेचा वास घेतला, मग रेषेच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवले. तिथे काही मुंग्या उताण्या पडून पाय हलवीत होत्या.

"तुमच्याजवळ खायचं काही गोड आहे?" त्यांनी विचारले.

लांब चालायचे म्हणून मी धोतराच्या सोग्यात गूळ आणि शेंगदाणे बांधून आणले होते. त्यांनी गुळाचा खडा घेतला आणि सर्वांसमोर तो वर्तुळाच्या मधोमध ठेवला.

"हा गूळ आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "सगळ्यांनी बघा. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे साखर असेल तर मुंगी रेषा ओलांडणार. गुळात साखर आहे की नाही?"

लोक जवळ आले. मुंग्या रेषेपर्यंत आल्या आणि परतल्या. गूळ तसाच राहिला.

मग मी माझ्या झोळीतली विभूतीची वडी काढली. शिळेच्या दुसऱ्या टोकाला त्या वडीने वर्तुळ काढले, आत गुळाचा दुसरा खडा ठेवला आणि बोटाला लागलेली विभूती कपाळी लावली. मुंग्या माझ्या रेषेपाशी किंचित थांबल्या आणि ओलांडून आत गेल्या. पाहता पाहता खडा काळा झाला.

"दोन्ही गूळ एकाच ढेपेचे," डॉक्टर म्हणाल्या. "फरक रेषेत आहे. ही विभूती नाही. मुंग्या-झुरळं मारायचा खडू आहे, किराणा दुकानात मिळतो तो. त्यात कीटकनाशक असतं. माझ्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याभोवती हीच रेघ आहे. डबा भरलेलाच असतो, मुंगी येत नाही. कोणाची साखर गेली नाही. तुमचे द्रोण आहेत तसेच आहेत. या रेषेबाहेर ठेवा आणि बघा."

सगळे गप्प झाले. रानबाबांचा माईक किंचित खरखरला. मला वाटले, झाले. इतके उघड, डोळ्यांसमोर घडलेले प्रमाण. आता आणखी काय हवे?

त्या शांततेत बलभीम म्हणाले, "म्हंजे गुळातली साखर बी बाबानी वढून घेतली."

रानबाबांनी एक क्षणही दवडला नाही. "या भक्ताला कळलं," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. आणि गुरुजींच्या रेषेत साधना नव्हती, तर मुंगी का थांबेल?"

पुन्हा घोष. बलभीम पुढे झाले, वर्तुळातला खडा त्यांनी उचलला आणि तोंडात टाकला. "साखर न्हाय आता ह्यात. किती वर्सांनी गूळ खातोय." त्यांच्यामागे आणखी हात आले. कोणी माझ्या सोग्यात हात घातला. "अज्जा, आमचा बी खडा ठेवा की आत" असे म्हणू लागले. डॉक्टर ओरडून सांगत होत्या, द्रोण बाहेर ठेवून तरी बघा, एक तरी ठेवा. कोणी ठेवला नाही. लांबून आलेले, गोळ्या नदीत टाकलेले, बायकापोरांसमोर बरे झालेले ते लोक. तो एक द्रोण रेषेबाहेर ठेवण्याचे धाडस त्यांच्यापैकी कोणाजवळ उरले नव्हते. मी मुठीत गूळ घट्ट धरून उभा होतो, इतकेच काय ते माझ्या हाती होते.

बानूबाईंचा आवाज आला. "मोनी. ए मोनी."

मोनिका कलंडली होती. डॉक्टर धावल्या. तिच्या श्वासाला अति पिकलेल्या फळासारखा वास येत होता. "रक्तात आम्ल साचलंय," त्या मला म्हणाल्या. "नुसत्या सुईनं आता भागायचं नाही. सलाईन पाहिजे, दवाखाना पाहिजे. गाडी कुठपर्यंत येते?"

"साखर सोडून जाताना अशी मूर्च्छा येते," रानबाबा दगडावरून म्हणाले. "हलवू नका. उतरू द्या."

रामहरी मुलीजवळ बसले होते. त्यांनी बाबांकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "रामहरी, तिला उचलू द्या. तिच्यात साखर असली तर असू द्या. पण मुलगी असू द्या." ते हो म्हणाले नाहीत. बानूबाईंनी मात्र त्यांच्या खांद्यावरचे घोंगडे ओढून घेतले आणि जमिनीवर पसरले. आजारी मेंढरू रानातून आणताना करतात तशी त्यांनी घोंगड्याची टोके वळली. "धरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. तेव्हा त्यांनी धरले.

रानात मोबाइल लागत नव्हता. पळसांखालून, नदीकाठाने आम्ही परत निघालो. मुलीचे आईवडील, डॉक्टर, आणि चौथ्या टोकाला मी. मागे जयघोष चालू होता. मदतीला कोणी आले नाही. ते निर्दय होते म्हणून नव्हे, तर आमच्याबरोबर येणे म्हणजे रेषेबाहेर येणे होते. मुलाचे मामा काही अंतर आमच्या मागून आले आणि गाडीवाटेवर पोहोचताच आपल्या गाडीत बसून निघून गेले. तिथे फोन लागला आणि डॉक्टरांनी बोलावलेली रुग्णवाहिका हमरस्त्यावर भेटली.

सोलापूरच्या दवाखान्यात मोनिकाने पहिले दोन दिवस डोळे उघडले नाहीत. त्या दोन दिवसांत रामहरी माझ्याशी एकदाच बोलले. "गुरुजी, तुमी त्या मंडलात गूळ घातला नसता, तर हे झालं नसतं," ते म्हणाले. "बाबानी फोन केला व्हता. विटाळ झाला म्हनले." ज्याला मूल गमावण्याची भीती आहे, त्याला दोष ठेवायला एक चेहरा लागतो. आणि माझा जवळ होता.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. बाहेरच्या ओसरीत बानूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"गुरुजी, एक इचारू? मुंग्या खोटं बोलल्या व्हय?"

"नाही, बानूबाई. मुंगी खोटे बोलत नाही. पहिल्या खडकावर त्या खरेच बोलल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या वाटेवर विष पसरून त्यांना बोलू दिले नाही."

त्यांनी बोटावरचा पदर सोडवला. "मंग त्ये बाकीच्या लोकास्नी कोन सांगनार?"

"सांगितले. तुमच्यासमोरच सांगितले."

"व्हय," त्या म्हणाल्या. "सांगितलं तुमी."

डॉक्टर उमादेवींनी आणि मी पोलिसांत तक्रार दिली आहे. चौकशी चालू आहे, असे सांगतात. पुढच्या फेरीला गर्दी वाढली. गूळ आता विधीचाच भाग झाला आहे. रेषेच्या आत ठेवलेला गूळ 'निःशर्कर प्रसाद' म्हणून वाटतात. हे नाव ज्याने ठेवले, त्याला थोडे संस्कृत येत असावे, याची मला लाज वाटते. बलभीम तो प्रसाद घरी नेतात. त्यांचा पाय आता घोट्यापर्यंत काळा पडला आहे. मी दोनदा जाऊन आलो, ते हसून म्हणाले, "गुरुजी, तुमची साधना कमी पडती."

वाचकहो, चमत्कार खोटा ठरवणे अवघड नव्हते. गुळाचा एक खडा पुरला. अवघड होते ते पुढचे. म्हणून ज्यांनी अजून आपली औषधे नदीत टाकलेली नाहीत, त्यांना माझी विनंती आहे. कोणी तुम्हाला पुरावा दाखवला, तर तो पुरावा तुम्ही स्वतः जागा बदलून, वस्तू बदलून एकदा मागून पाहा. खरे असेल, तर ते तुमच्या परीक्षेने उणे होणार नाही. आणि ग्रंथात आहे असे कोणी म्हणाले, तर पुढचे वाक्य काय आहे, ते विचारा. आपल्या पूर्वजांनी मुंगीसमोर बसून पाहिले होते. त्यांचा वारसा सांगायचा असेल, तर पाहणे सोडू नका. ज्या औषधावर श्वास चालतो, ते कोणत्याही देवाच्या, बाबाच्या किंवा स्थळाच्या नावाने सोडू नका. आणि मुलीला 'स्वच्छ' ठरवायला जो समाज निघतो, त्यात आपण उभे आहोत का, हेही तपासा. कारण त्या रानात खडू शिष्याच्या हाती होता, पण मोनिकाला वर्तुळापर्यंत आम्हीच चालवत नेले होते.

दवाखान्यातून सुटण्याच्या दिवशी मोनिकाने स्वतः सुई भरली. रामहरींनी तोंड खिडकीकडे फिरवले.

"आबा," ती म्हणाली, "धाराशिवच्यांचा फोन येतोय मघापासून. तुमीच सांगा त्यास्नी. मामानी द्रोन बघितलाय, म्या सांगितलं तर त्यास्नी खरं वाटायचं न्हाय."

फोन पुन्हा वाजला. रामहरींनी तो उचलला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. पलीकडून कोणी बराच वेळ बोलत होते.

"न्हाय," रामहरी म्हणाले. "गेली न्हाय साखर. सुई चालू हाय. व्हय, जल्मभर."

त्यांनी फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडचा आवाज थांबल्यानंतरही त्यांनी तो काढला नाही.